शून्याच्या जागी एक

२ एप्रिल १९८८, शनि.

रक्ततपासणीची यादी आरमोरीच्या दवाखान्यातून परत आली. डॉ. बोरकरांनी लाल शाईने गोल केलेत, अकरा. नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली, त्यात लताची माता झाली आहे. विठ्ठलमधला टी जाऊन यू. एकाच्या नावापुढे तर ३. आमच्या यादीत ३ हा आकडाच नाही. रक्तात दोष नसला तर ०, नुसता वाहक असला तर १, सिकलसेलचा आजार असला तर २. संपलं. खाली डॉक्टरांची बारीक ओळ: "वहिनी, लताबाईंना अजून मूलबाळ नाही."

ह्यांनी यादी उलटसुलट पाहिली आणि माझ्यापुढे टाकली. "बोटं म्हातारी झाली तुझी. चष्म्याचा नंबर काढून ये."

मी म्हटलं, पेटीचं, ह्यांनी घरी बांधलेल्या कम्प्युटरचं, काही असेल.

"पेटीला देशील तेच ती परत देते. तिला स्वतःचं डोकं नाही, हाच तिचा गुण."

काल गुड फ्रायडे होता. नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये आम्ही हिंदू मुलीही त्या दिवशी चॅपेलमध्ये तीन तास गुडघ्यांवर असायचो. बोलायचं नाही. काल मी दिवसभर बोलले नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

५ एप्रिल, मंगळ.

काल यादीचा मागचा अर्धा भाग पुन्हा टाइप केला, सगळे गोल त्यातच होते. मोहटोली, त्याच्या पलीकडची सगळी गावं. एकेक ओळ टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून वाचली. सगळं बरोबर. ह्यांनी कॅसेटवर भरलं.

आज सं. छापायच्या आधी ह्यांनी पुन्हा वाचलं. नऊ चुका. आधीच्या जागी नाहीत, नव्या जागी.

"बघ," म्हणाले. एवढंच.

सिस्टर बर्नडेट टाइपरायटरच्या कळांवर निळं फडकं टाकायच्या. फडक्याखाली हात. चुकलं तर पट्टी मारायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. कागद काढून नवा लावायच्या. त्या न बोलण्याने मी सोळाव्या वर्षी बिनचूक झाले. चाळीस वर्षांनी मला कोणी सांगतं की बोटं म्हातारी झाली. आणि मी चष्म्याच्या दुकानात जाऊन बसते. नंबर तोच आहे.

९ एप्रिल, शनि.

कुंदाबाई आली होती. डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स, औषधं न्यायला चंद्रपूरला येते तेव्हा इथे टेकते. पन्हं दिलं. पेला हातातच धरून बसली.

"बाई, तुमच्या कागदानं मोहटोलीत घर मोडलं. मालूम हाये का तुमाले?"

मोहटोलीचा दौलत, धानाची शेती. बायको शेवंता, मुलगी रंजना. रंजनाचं वडशाकडे जमलं होतं. तिकडे आता साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, कम्प्युटरची चिठ्ठी मागतात. ही रीत गेल्या दोन वर्षांतली, आमच्याच पेटीने पाडलेली. ह्यांना अभिमान आहे तिचा. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या पुढ्यात ठेवतात, मग सुपारी. रंजनाच्या चिठ्ठीवर १, मुलाच्याही १. दोघं वाहक, मूल आजारी निघू शकतं, म्हणून लग्न मोडलं. इथवर ठीक. चिठ्ठी त्यासाठीच असते.

पण दौलतच्या चिठ्ठीवर ० आणि शेवंताच्याही ०. दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टरांनीच रंगवून घेतलं आहे, आईबाप दोघांत नसेल तर लेकरात येत नाही. गावात कोणीतरी बसून दोन्ही जुळवलं.

"दौलतनं तिले एकच इचारलं. मने, मंग हे कोनाचं? अन् भावाकडे आरमोरीले नेऊन सोडलं. एक टिनाची पेटी अन् थे."

मी विचारलं, शेवंता काय म्हणाली?

"कागदापुढे बाई काय म्हनन जी? बावीस वर्सं संसार केला. बरं, मानूस मारत नाई, दारू पेत नाई. थोच त वांधा हाये. वाईट असता त लोकायनं बाईची बाजू घेतली असती."

पुन्हा रक्त तपासा म्हटलं. तर नळीत टाकायचं औषध दोन महिने संपलं आहे. आणि दौलत पोरीला हात लावू देत नाही. मशीननं सांगितलं ना एकदा, म्हणतो.

हे बाहेरच्या खोलीत होते. सगळं ऐकलं असणार. कुंदाबाई गेल्यावर म्हणाले, "पाहिलंस, टायपिंगची एक चूक कुठे जाते ते."

१० एप्रिल, रवि.

रंजनाला मी ० टाइप केलं होतं की १? कसं आठवणार. गेल्या पावसाळ्यात शेकडो नावं टाइप केली. नाव, वय, आकडा. माणसं नव्हतीच ती.

दवाखान्यातून आलेली मूळ कार्डं पाहावीत तर कार्डं नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली. "आता सगळं पेटीत आहे, कार्डं कशाला?" हे म्हणाले. सुतळीने बांधून दिली मीच. गठ्ठे नीट चौकोनी बांधले होते.

सं.

लाल गोलांची यादी घेऊन बसले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बोटं ठेवली, कळा आहेत अशी समजून, आणि प्रत्येक चूक बोटांनी करून पाहिली.

० उजव्या टोकाला. १ डाव्या टोकाला. एका हाताची करंगळी दुसऱ्या हाताच्या करंगळीची चूक करत नाही.

एलचा एम. एल मधल्या ओळीत अनामिकेखाली, एम खालच्या ओळीत तर्जनीला. टीचा यू, मध्ये वाय येतो. आरचा एस, तर बोटच दुसरं. कच्ची टायपिस्ट शेजारच्या कळीवर घसरते. इथे प्रत्येक वेळी एबीसीडीतलं पुढचं अक्षर आलं आहे. बोटांना एबीसीडी माहीत नसते, त्यांना फक्त जागा माहीत असतात.

आणि ए, ई, आय, ओ, यू ह्यांतला एकही स्वर कुठेच चुकलेला नाही. नावांत निम्मी अक्षरं तीच. माझं बोट चुकत असतं तर स्वर का सोडले असते?

हे मी केलेलं नाही. कोणाला सांगू?

१३ एप्रिल, बुध.

सांगितलं. जेवण झाल्यावर, पान दिल्यावर. ह्यांचा मूड पाहून बोलायचं हे वळण तेहतीस वर्षांचं.

आधी ऐकूनच घेईनात. "पेटीतलं तुला काय कळतं? पेटीत अक्षरं नसतात. प्रत्येक अक्षराचा नंबर असतो. ए म्हणजे पासष्ट. बी सहासष्ट. तुझा एल म्हणजे शहात्तर, एम सत्त्याहत्तर..."

थांबले. कागद ओढून घेतला. पेन्सिलने प्रत्येक गोलाशेजारी नंबर लिहीत गेले. टी चौऱ्याऐंशी, यू पंच्याऐंशी. आर ब्याऐंशी, एस त्र्याऐंशी. सम संख्या होती तिथे विषम झाली आहे. प्रत्येक ठिकाणी. स्वरांचे नंबर आधीच विषम, म्हणून त्यांना काही झालेलं नाही. शून्याचं एक, दोनाचं तीन.

ह्यांना दिसलं. मला दिसलं की ह्यांना दिसलं.

मग कागद दुमडून खिशात घातला. "योगायोग," म्हणाले, आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेले.

१५ एप्रिल, शुक्र.

पाच वर्षांपूर्वी खाणीतून फोरमन म्हणून रिटायर झाले आणि ही पेटी बांधायला घेतली. मुंबईहून टपालाने किट, पत्र्याचा डबा भंगारातला, पडदा म्हणून आपलाच काळा-पांढरा टीव्ही. चार महिने डाग देण्याचा वास घरभर. पहिल्यांदा काचेवर अक्षर उमटलं तेव्हा मला हाक मारली, मी पिठाच्या हाताने धावले. माझं नाव टाइप केलं होतं. सुमन. तेव्हा वाटलं होतं, आता म्हातारपण बरं जाईल.

किटसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक माळ्यावरून काढलं. ह्यांनी पहिली वीस पानं वाचलेली, त्यांवर तेलाचे डाग. मागची कोरी. मागे एक प्रकरण आहे, मेमरी तपासण्याचं. सोप्या इंग्रजीत आहे. सिस्टर बर्नडेटच्या वर्गातली कुठलीही मुलगी वाचेल.

१८ एप्रिल, सोम.

हे १ ते ४ झोपतात. तेवढा वेळ माझा.

सात ओळींचा प्रोग्रॅम टाइप केला. पेटीतल्या प्रत्येक घरात शून्य ठेवायचं आणि लगेच काढून पाहायचं. काय ठेवलं आणि काय मिळालं, एवढंच.

स. १० वा. हे बाजारात असताना: सगळी शून्यं.
दु. २ वा., कूलर सुरू: मागच्या अर्ध्या भागात एक १. मग तीन. मग मोजवेनात.

पुढच्या अर्ध्यात एकही नाही. चुका यादीच्या मागच्या अर्ध्यातच का, ते कळलं. मोहटोली मागच्या अर्ध्यात.

२० एप्रिल, बुध.

तिसरा दिवस. तेच. वेळा कॅलेंडरच्या मागे लिहिल्यात.

उलटंही करून पाहिलं. घराघरात १ ठेवलं. १ च परत येतो, कधीही ० होत नाही. म्हणजे ही पेटी बिघडते ती एकाच दिशेने. नसलेला दोष लावते, असलेला लपवत नाही. दौलतचा ०, शेवंताचा ०, दोन्ही खरे. रंजनाचा १ तेवढा संशयाचा.

आणि आपण दर वेळी कॅसेट लावून यादी पेटीत घेतो, चार नावं वाढवतो, पुन्हा त्याच कॅसेटवर भरतो. दर फेरीत थोड्या शून्यांचे एक होऊन कायमचे बसले. फेब्रुवारीच्या चिठ्ठ्या, रंजनाचीही, त्यातूनच निघाल्या.

२१ एप्रिल, गुरु.

झाकण काढलं. आत काळ्या चिपांच्या दोन रांगा, आठ-आठ. पुस्तक म्हणतं, पुढची रांग म्हणजे पुढचा अर्धा भाग, मागची म्हणजे मागचा. रांगेतली पहिली चिप फक्त सम-विषम सांभाळते. तिची आणि शेजारणीची अदलाबदल करा. चूक चिपेबरोबर सरकली, शून्याचे आता दोन होऊ लागले, तर चिप खराब. चूक जागेवरच राहिली तर ज्या खोबणीत चिप बसते ती खराब.

नखाच्या कानशीने उचलली. एक पाय वाकला. भुवयांच्या चिमट्याने सरळ केला. मग दोघींची अदलाबदल केली.

अडीच वाजता: १.

चिप निर्दोष. जागा खराब.

ह्यांचं भिंग घेऊन खोबणीत पाहिलं. सोळा भोकं, त्यांतल्या एकाच्या तोंडाशी खपली. तांबडी-काळी. टाचणीने जराशी उकरून बोटावर घेतली, वास घेतला.

कुंकू.

खंडेनवमीला खाणीत प्रत्येक मोटरला, प्रत्येक ड्रिलला हळद-कुंकू लावायचे. तो हात सुटला नाही. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी झाकण काढून, अनामिका पाण्यात बुडवून, ह्याच रांगेच्या पहिल्या चिपेला टिळा लावला. ओघळ खाली गेला असणार. हिवाळ्यात दवाने, आता कूलरच्या ओल्या वाऱ्याने ते पुन्हा पुन्हा ओलं होतं. पूजेचं ताट मी धरलं होतं.

खपली साफ केली नाही. आधी ह्यांना दाखवायची.

२२ एप्रिल, शुक्र.

दाखवली. हे टीव्हीपुढे बसले. तीन तास एक येताना बघत होते. मग उठून हत्यारांचा डबा आणला. जुनी खोबण सोळा जागी वितळवून काढली, नवी बसवली. हात अजून तसाच स्थिर. त्या हातांवर मी लग्नानंतर पहिली काही वर्षं खूप माया केली आहे. आजही बघत उभी राहिले.

साडेतीनला तपासलं. सगळी शून्यं.

मी म्हटलं, आता डॉक्टरांना लिहा.

"काय लिहू? कुंकू लावलं म्हणून मशीन बिघडली? पुढच्या महिन्यात कलेक्टर बघायला येणार आहेत. हसतील."

"आणि शेवंता?"

"दुरुस्त झाली ना पेटी. त्यांच्या घरचं ते बघतील."

तीन आठवडे माझी बोटं म्हातारी होती. त्याबद्दल एक शब्द नाही. मीही मागितला नाही. का मागितला नाही, हेच कळत नाही.

२५ एप्रिल, सोम.

डॉक्टरांना मीच लिहिलं. चार पानं. कुंकवासकट. टपालात टाकून आल्यावर ह्यांना सांगितलं. जेवले नाहीत. मी जेवले.

३० एप्रिल, शनि.

डॉक्टरांचं उत्तर. वीस जणांपुरतं औषध मिळालं आहे. ३ तारखेला मोहटोलीला कुंदाबाईबरोबर जा, दौलतला तुम्हीच समजवा. कलेक्टरांच्या भेटीआधी ह्याचा गवगवा नको, ही शेवटची ओळ. अधोरेखित.

३ मे, मंगळ. आरमोरी, कुंदाबाईच्या खोलीवर.

पहाटेची एस.टी. मूल, गडचिरोली, आरमोरी. तिथून बैलगाडी.

गाव दहा वाजता रिकामं. सगळे पहाटेच जंगलात, बिडीची तेंदूपानं तोडायला. वाट पाहिली. अकराला दौलत आणि रंजना परतले, अंगणातल्या मांडवाखाली पानांचे पुडे बांधायला बसले. उंच, शांत माणूस. मला बाज दिली, पाणी दिलं. मान वर केली नाही.

मी सांगितलं. मशीन बिघडली होती. शून्याचा एक करत होती.

पुडा बांधता बांधता म्हणाला, "मशीन बिघडली व्हती. मंग माहा शून्य कसा खरा, जी?"

मी म्हटलं, ती एकाचं शून्य करत नाही. तीन दिवस तपासलं.

"कोनं तपासलं?"

"मी."

"साहेब काऊन नाई आले?"

मी पेला खाली ठेवला. कुंदाबाई म्हणाली, "साहेबाचं काय घेऊन बसला रे भाऊ? बाईनं चिमटा घेऊन मशीन खोलली. तुह्या घरी दिवा गेला त तू फ्यूज तरी काढते का?"

हसला नाही. पण तेवढ्यात रंजना उठली. हातातली पानं खाली ठेवली, पदराला बोटं पुसली आणि कुंदाबाईपुढे बोट धरलं. बापाकडे पाहिलंही नाही. एकोणीस वर्षांची असेल.

"टोचा."

नळीत औषध, त्यात थेंब. पाच मिनिटं. नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं वाचता आली तर दोष नाही, गढूळ होऊन अक्षरं झाकली तर आहे. मांडवाखाली पुडे बांधणं थांबलं. पाच मिनिटांनी मी नळीतून वाचलं, खतांची जाहिरात होती. प्रत्येक अक्षर. मग रंजनाने वाचलं, मोठ्याने. मग दौलतच्या हातात दिली. त्याने नळी बराच वेळ धरली.

"मले पटलं," म्हणाला. "मी आंधया नाई. पन गावाले काय सांगू? कम्प्युटर खोटा बोलला मनलं त लोकं हसतीन मले. मनतीन, बायकोले परत आनासाठी बहाना करून राह्यला." पुढचा पुडा घेतला. "असं करा बाई. लिवून द्या का टाईप करताना तुमची चूक झाली. बाईच्या हातून चूक झाली मनलं त कोनाले बी पटन."

फार सौजन्याने म्हणाला. मला दुखवायचं त्याच्या मनातही नव्हतं.

संध्याकाळी आरमोरीत शेवंताकडे गेलो. भावाच्या पडवीत तांदूळ निवडत होती. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हात माझ्यापेक्षा म्हातारे. कुंदाबाईने सांगितलं, नळी साफ निघाली.

सूप खाली ठेवलं नाही. "पोरीले दुखलं का?"

नाही म्हटलं.

बराच वेळ खडे काढत राहिली. मग मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "अन् नळी गढूळ निंगाली असती त, बाई?"

कुंदाबाईने नळ्यांची पिशवी आवरायला घेतली.

६ मे, शुक्र.

घरी. दौलतची सूचना डॉक्टरांना पसंत. ह्यांना तर फारच. ह्यांनी स्वतः दोन बोटांनी इंग्रजीत टाइप केलं आहे, दुपारभर बसून, एकही चूक न करता. आमच्या टंकलेखिकेच्या अनवधानामुळे रंजना दौलत हिच्या नोंदीत चूक झाली, ती दुरुस्त करून नवी चिठ्ठी देत आहोत. खाली माझ्या सहीसाठी टिंबांची रेघ. चिठ्ठी जोडलेली, ०.

"एका सहीने एका बाईचं घर सावरतं. तुला एवढं जड का?"

जड का. रात्रंदिवस हेच शिकवलं गेलं मला, की बाईने थोडं घ्यावं अंगावर. सिस्टरांनी येशूचं नाव घेऊन शिकवलं, आईने कोणाचंच नाव न घेता. खरंच, एक सही. शेवंतासाठी मी ह्याहून मोठं काही करायला तयार आहे. हे मी मनापासून लिहिते आहे.

पण मागच्या अर्ध्या यादीत १ असलेली आणखी एकसष्ट माणसं आहेत. त्यांतले खरे किती, पेटीने केलेले किती, कोणाला माहीत नाही. कार्डं मी रद्दीत दिली. माझी चूक म्हणून लिहिलं तर चूक एकच होती, ती दुरुस्त झाली. मग त्या एकसष्ट जणांना पुन्हा कोण टोचणार? त्यांच्या मुलींच्या चिठ्ठ्या तशाच फिरणार. दुसऱ्या कुठल्या गावात दुसरा कोणी भिंतीवरचं वाचून जुळवत बसेल.

हे म्हटलं ह्यांना. म्हणाले, "कलेक्टर जाऊ दे. मग बघू." डॉक्टरांनीही तेच शब्द वापरलेत.

८ मे, रवि.

सही केलेली नाही. घरात कोणी रागावलेलं नाही. हे उलट गोड बोलतात. माझ्यासाठी मोगरा आणला. कितीतरी वर्षांनी. घेतला, पाण्यात ठेवला.

जुनी मी असते तर मोगऱ्यावर विरघळले असते. वास तोच आहे.

११ मे, बुध.

कुंदाबाईचा निरोप, बसच्या ड्रायव्हरबरोबर, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला. दौलत तेंदूच्या ट्रकबरोबर उद्या चंद्रपूरला येतो आहे, कागद न्यायला. कागद घेऊन थेट आरमोरीला बायकोकडे जाणार. शेवंताला तिने विचारलं, येशील का परत.

शेवंताचं उत्तर कुंदाबाईने तिच्याच शब्दांत लिहिलं आहे: "कागदावर कोनाची चूक लिवली हाये थे पयले मले वाचून दाखवा. मंग सांगतो."

पुठ्ठा ह्यांनीही वाचला. "ही कोण आली विचारणारी," म्हणाले.

१२ मे, गुरु. स.

काल दुपारी पेटीला हात न लावता, हाताने, मराठीत, दुसरा कागद लिहिला. मशीन बिघडली होती. टाइप करणाऱ्या बाईची चूक नाही. मोहटोली आणि त्यापुढच्या सर्व गावांत ज्यांच्या चिठ्ठीवर १ आहे त्यांनी पुन्हा रक्त तपासून घ्यावं, तोवर त्या चिठ्ठीवरून काही ठरवू नये. खाली माझी सही, पूर्ण नाव. ह्यांच्या सहीसाठी जागा सोडली आहे.

ह्यांना दाखवला. वाचून पूर्ण झाला तरी हातातून सोडला नाही. म्हणाले, "हा घेऊन तो गावात गेला तर शेवंताला कोणी घरात घेणार नाही, आणि एकाही चिठ्ठीवर कोणी पुन्हा विश्वास ठेवणार नाही. दोन्ही तुझ्या डोक्यावर." हे खोटं नाही. तेच तर वाईट आहे.

कागद फाडला नाही ह्यांनी. टेबलावर त्या टाइप केलेल्या कागदाशेजारी ठेवला, दोन्हीवर पेपरवेट, आणि अंघोळीला गेले.

एकावर माझी सही नाही. एकावर ह्यांची नाही.

फाटक वाजलं. तेंदूपानांचा वास खिडकीतून आत आला. दौलत अंगणात चपला काढतो आहे. हे न्हाणीतून विचारतायत, कोण आहे. मी अजून सांगितलेलं नाही.